पगार वाढला, आता ईएसआय जाणार का?

“पगार 21 हजारांच्या वर गेला, आता तुमचं ईएसआय बंद.” ऑफिसातून एवढं ऐकलं की पगारवाढीचे पेढे कडू लागतात. कॅलिपर किंवा कुबड्यांवर चालणाऱ्या, महिन्याच्या महिन्याला दवाखान्यातून गोळ्या आणणाऱ्या कामगाराला दोन हजारांची वाढ महागात पडेल असं वाटतं. काही जण तर “वाढ नको” म्हणून मोकळे होतात. तसं म्हणण्याआधी थोडा हिशेब करू.

तुमची मर्यादा कोणती?

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. तिची 21 हजारांची पगारमर्यादा जानेवारी 2017पासून आहे आणि ती सर्वसाधारण कामगारांसाठी आहे. दिव्यांग कामगारासाठी ती महिना 25 हजार रुपये आहे. पण पगार काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचं दिव्यांगत्व आपोआप कळत नाही. ईएसआयच्या पोर्टलवर मालकाने तशी नोंद केलेली असावी लागते. म्हणून यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राची, प्रत नोकरीला लागतानाच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कार्ड काढायला फी नाही. पैसे जातात ते झेरॉक्स, फोटो आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या खेपांवर.

ओव्हरटाइम मर्यादेत धरत नाहीत, वर्गणी मात्र त्यावरही कापतात. एखाद्या महिन्यात ओव्हरटाइममुळे आकडा फुगला, तर घाबरू नका.

खिशातून किती जातात?

जुलै 2019पासून कामगाराची वर्गणी 0.75 टक्के आणि मालकाची 3.25 टक्के आहे.

• पगार 20,000 : तुमचे 150, मालकाचे 650
• पगार 24,000 : तुमचे 180, मालकाचे 780
• पगार 25,000 : तुमचे 188, मालकाचे 813

म्हणजे 24 हजारांवर वर्षाला तुमचे 2,160 रुपये. त्यात तुमचे आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचेही उपचार येतात. शिवाय आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापलेला दिसला, तर ते बेकायदा आहे.

वाढीची तारीख बघा

ईएसआयचं वर्ष दोन सहामाहींत चालतं : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सहामाही सुरू झाल्यावर पगार मर्यादेपुढे गेला, तरी ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा.

समजा पगार 24 हजारांवरून 26 हजार होणार आहे. वाढ 1 एप्रिलपासून लागली, तर तुम्ही त्याच दिवशी बाहेर आणि उपचार 31 डिसेंबरपर्यंत. तीच वाढ 1 मेपासून लागली, तर वर्गणी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि उपचार पुढच्या वर्षीच्या 30 जूनपर्यंत. एका महिन्याची वाढ हुकली, 2,000 गेले. सहा महिन्यांची वर्गणी 1,155. एकूण 3,155 रुपयांत उपचारांचे सहा महिने वाढले. तुमचा महिन्याचा औषधखर्च यापुढे ठेवून पाहा आणि मगच मालकाशी तारखेचं बोला.

25 हजारांच्या पुढे

आता उपचारांची दुसरी सोय आधी लावायची, ईएसआय कार्ड मग सोडायचं.

• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढरी शिधापत्रिकाही चालते. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पण ही योजना रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च तुमचाच.
• स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आहे : वर्षाला 1 लाखापर्यंत. नोंदणी 500 रुपये, दारिद्र्यरेषेखाली 250. नोकरी लागली म्हणून ती बंद होत नाही.
• कंपनीचा मेडिक्लेम असेल, तर आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हे लेखी विचारा.

निवृत्तीनंतरचंही ध्यानात ठेवा. किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालात, तर वर्षाला 120 रुपयांत तुमचे आणि जोडीदाराचे उपचार चालू राहतात.

नाव चुकून काढलं तर

यूडीआयडीची प्रत, मागच्या सहा महिन्यांच्या पगारस्लिपा आणि विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. अर्जाची पोच घ्या. टोल-फ्री क्रमांक 1800-11-2526. तोवर दवाखान्याचे केसपेपर आणि औषधांची बिलं एका फाइलला लावत जा.

आणि वाढीचं पत्र हातात आलं, की आकड्याआधी तारीख वाचा.