राजमाचीवरील कुलसंमेलन

मंगल कार्यालयाच्या भिंती सोडून कुलसंमेलन डोंगरात भरवावे, असा विचार ज्या कुटुंबांत चालू असेल, त्यांना मी निःशंकपणे राजमाची किल्ल्याच्या पोटातील उधेवाडी सुचवीन. कारण तीन पिढ्यांचा पन्नास-साठ माणसांचा गोतावळा सामावून घेणारी घरे, ऐसपैस अंगणे आणि वृद्धांनाही झेपेल अशी वाट एकत्र लाभणारे स्थान सह्याद्रीत विरळाच. परंतु घरातील वडीलकी निराळी आणि वाटेवरील वडीलकी निराळी, हे निघण्यापूर्वी सर्वांकडून मान्य करून घ्यावे. आमच्या दिवाळीनंतरच्या संमेलनात ते मान्य झाले, पण भर वाटेत झाले.

वाटा दोन आहेत: लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे १५ किलोमीटरची, बहुतांशी सपाट कच्ची सडक, आणि कर्जतकडून कोंढाणे लेण्यांवरून चढणारी उभी पाऊलवाट. तरुण मंडळी दुसरीने गेली. वृद्ध, लेकुरवाळ्या आणि आम्ही काही मध्यमवयीन पहिलीने जीपमधून निघालो. आदल्या रात्री परतीचा पाऊस कोसळून गेला होता, आणि निम्मी वाट सरली नाही तोच पुढची जीप तांबड्या चिखलात अर्ध्या चाकापर्यंत रुतली. मागच्या जीपवाल्यांनीही पुढे येण्यास नकार दिला, आणि तो सर्वथा योग्यच होता. महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या थोरल्या काकांनी, दुसऱ्या वाहनाची तजवीज होईपर्यंत येथेच थांबावे, असा हुकूम दिला. त्या वेळी महाविद्यालयात असल्यापासून ही वाट पायाखाली घातलेली आमची धाकटी सून पुढे झाली.

"काका, इथं थांबलो तर अंधार इथंच गाठेल. आत्यांच्या पावलानं चालू या, म्हणजे कुणी मागे राहणार नाही."

काकांनी क्षणभर विचार केला आणि ते म्हणाले, "ठीक आहे. पोचेपर्यंत मुखत्यारी तुझी."

त्या एका वाक्याने पुढील सारे सुकर झाले. सत्तरी ओलांडलेल्या आत्या सर्वांत पुढे आणि धडधाकट पुतण्या सर्वांत शेवटी, अशी रांग लावून, ठरावीक अंतराने थांबत, घोटभर लिंबू-मिठाचे पाणी आणि मूठभर शेंगदाणे घेत आम्ही चालू लागलो. आणि ज्यांना आपण सांभाळून न्यावयाचे असे समजत होतो, त्या आत्याच नातवंडांना कारवी ओळखावयास शिकवीत, हिरड्याचे झाड दाखवीत, ओसरू लागलेल्या सोनकीपाशी थबकत, इतक्या प्रसन्नपणे चालल्या, की कुलवृत्तांतात कोठेही न नोंदलेली आजोबांच्या पायी प्रवासांची हकीकत आम्हांला त्या वाटेवरच प्रथम ऐकावयास मिळाली. अस्सल भटके म्हणवून घेणारे काही लोक कुटुंबकबिल्यासह डोंगरात येणाऱ्यांना तुच्छ लेखतात. वाटेवर एक कागदही न टाकणारी, दुसऱ्याच्या दमाला आपला दम जुळविणारी वृद्धा माझ्या लेखी त्यांच्याहून श्रेष्ठ गिर्यारोहक आहे.

दिवेलागणीस उधेवाडीत पोचून खानेसुमारी केली, तो तिघे कमी! आम्हांला उशीर झाल्याने धास्तावलेली कोंढाण्याकडची तीन मुले, घरधन्याला इतल्ला न देता, रानातील आडवाटेने आमच्या शोधात निघाली होती, आणि सडकेने येणाऱ्या आमची व त्यांची चुकामूक झाली होती. भ्रमणध्वनीचा उपयोग नव्हता. गावातील दोन जाणते पुरुष विजेऱ्या घेऊन गेले आणि तासाभराने मुलांना सुखरूप घेऊन आले. तो तास मुलांच्या आयांनी कसा काढला, हे मी पाहिले आहे. म्हणून प्रत्येक शाखेचा एक जामीन नेमावा, दोन्ही वाटांची माणसे मोजून त्यांच्या हवाली करावीत, आणि गावकरी बरोबर असल्याखेरीज कोणी कोणाच्या शोधास जाऊ नये.

कल्याणहून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा राजमाचीचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५७ च्या सुमारास घेतला, १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. श्रीवर्धन आणि मनरंजन हे त्याचे दोन बालेकिल्ले. सकाळी तरुणांनी श्रीवर्धन गाठावा, ज्येष्ठांनी दोहोंमधील खिंडीतल्या भैरवनाथाच्या मंदिरापर्यंत जावे. तेवढ्यानेही मन भरते.

पावसाच्या तोंडावर, काजव्यांच्या दिवसांत मात्र येथे कुटुंब आणू नये. ज्यांच्या वाहनांच्या झोतांनी आणि विजेऱ्यांनी काजवेच झाकोळून जातात, अशा माणसांचा लोंढा त्या आठवड्यांत डोंगरावर लोटतो आणि थर्माकोलच्या ताटल्या मागे टाकून जातो.

भोजनाची संख्या घरधन्यास आठवडाभर आधी कळवावी, पिठले-भाकरी आणि भात एवढेच मागावे, पत्रावळी पानांच्या असाव्यात. आणि एवढ्या मोठ्या मंडळींचा मुक्काम एका घरावर न टाकता चार घरांत वाटावा, म्हणजे रांधणाऱ्या बायकांवर भार पडत नाही व मोबदलाही चार चुलींपर्यंत पोचतो.