एकल-पेशी जीनोमिक्स : वरिष्ठ शास्त्रज्ञाची जबाबदारी

बनशंकरी हा दक्षिण बंगळुरूमधील प्रामुख्याने निवासी विभाग. 1909 साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांमुळे या शहराला जीवविज्ञान-संशोधनाची मोठी परंपरा लाभली आहे. एकल-पेशी जीनोमिक्स ही त्याच ज्ञानक्षेत्रातील नवी शाखा होय. अमीबासारख्या एकपेशीय जीवांच्या अभ्यासाशी तिची गल्लत करू नये.

संकल्पना

मानवी शरीरात सुमारे 37 लाख कोटी पेशी असतात. बहुतेक पेशींतील डीएनए जवळपास सारखाच असतो. मात्र कोणती जनुके कार्यरत आहेत, यावर ती पेशी मज्जापेशी की त्वचापेशी हे ठरते. पूर्वी ऊतीतील असंख्य पेशींचा आरएनए एकत्रित तपासला जाई. त्यातून केवळ सरासरी हाती येई आणि मोजक्या रोगग्रस्त पेशी त्या सरासरीत लपून राहत. 2009 मध्ये एकाच पेशीतील आरएनएचे व्यापक अनुक्रमण साध्य झाले. 2015 मध्ये सूक्ष्म थेंबांचे तंत्र पुढे आले. प्रत्येक पेशी स्वतंत्र थेंबात बंदिस्त करून तिच्या आरएनएला सांकेतिक ओळख दिली जात असल्याने हजारो पेशींचे एकाच वेळी वाचन शक्य झाले.

कामाचे स्वरूप

वरिष्ठ शास्त्रज्ञाचे खरे कौशल्य यंत्र चालविण्यात नसून निर्णयात असते. नमुन्यात मृत पेशी किती, एका थेंबात दोन पेशी तर अडकल्या नाहीत ना, हे पारखावे लागते. रुग्णांचे नमुने एका दिवशी आणि निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या दिवशी हाताळले, तर दिवसांतील फरकच रोगाचे लक्षण भासू शकतो. अशा वेळी महागडा प्रयोगही रद्द करण्याचे धैर्य दाखवावे लागते. नमुनादात्याची माहितीपूर्ण संमती आणि त्याच्या माहितीची गोपनीयता या जबाबदाऱ्याही तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

भारतीय प्रयत्न

जैवतंत्रज्ञान विभागाने 2019 मध्ये ‘मानव’ हा मानवी पेशी व ऊतींविषयीची माहिती संकलित करणारा प्रकल्प सुरू केला. त्यात पुण्यातील आयसर, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांचा सहभाग होता. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आशियाई रोगप्रतिकारक विविधता नकाशात भारतासह पाच देशांतील 619 निरोगी व्यक्तींच्या 12 लाखांहून अधिक पेशी अभ्यासल्या गेल्या. वंशगट, वय आणि लिंग यांनुसार रक्तातील रोगप्रतिकारक पेशींत फरक आढळला. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प मात्र 10,000 व्यक्तींच्या डीएनएशी संबंधित आहे. हा भेद विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

महत्त्व

जागतिक जनुकीय माहितीत युरोपीय वंशाच्या व्यक्तींचे प्रमाण अधिक आहे. केवळ तिच्या आधारे ‘निरोगी’ कोण हे ठरविल्यास भारतीय रुग्णाच्या निदानात चूक होऊ शकते. म्हणूनच भारतीय पेशींचा विश्वसनीय नकाशा ही वैज्ञानिक कुतूहलाची बाब नसून सार्वजनिक आरोग्याची गरज आहे.