रतामाच्या झुडपाखालीं : चिंतेनें दमलेल्या मनाविषयीं पाठ

शास्त्रपाठ : १ राजे १९ : १–२१

हा अध्याय आपल्या उपासनांत पुष्कळदां वाचला जातो. पण उपदेशकाचें लक्ष बहुधा होरेब डोंगरावरील मंद वाणीकडे धांवतें, आणि पहिल्या आठ ओंव्या घाईनें मागें पडतात. आज आपण त्या आठ ओंव्यांपाशींच अधिक वेळ थांबूं. टोकावडे, मुरबाड व शहापूर या बाजूच्या आमच्या वाचकांस, आणि विशेषतः घरोघर फिरणाऱ्या उपदेशकांस, उपयोगी पडेल असें बरेंच कांहीं तेथें आहे.

एलीया भित्रा मनुष्य नव्हता. आदल्याच अध्यायांत तो कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशें संदेष्ट्यांपुढें एकटा उभा राहिला, आणि संध्याकाळीं पाऊस कोसळत असतां अहाब राजाच्या रथापुढें इज्रेलापर्यंत धांवत गेला. त्यानंतर मात्र ईजबेल राणीचा एक निरोप येतांच त्याचें सगळें बळ गळालें. तो बैरशेब्यापर्यंत पळाला, बरोबरच्या चाकरालाहि तेथेंच ठेवलें, आणि एकटाच एक दिवसाची वाट अरण्यांत जाऊन रतामाच्या झुडपाखालीं मरण मागत बसला.

येथें देवानें काय केलें तें पाहा. देव त्याला रागें भरला नाहीं. त्याचा विश्वास कमी पडला असें म्हणाला नाहीं. त्यानें त्याला झोंपूं दिलें. मग दूतानें स्पर्श करून उठविलें, तों उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचें भांडें. एलीयानें खाल्लें, पाणी प्यालें, आणि तो पुन्हां निजला. त्याबद्दलहि त्याला कोणी बोल लाविला नाहीं. दुसऱ्यानेंहि जेवण आलें, आणि पुढची वाट याच्या शक्तीबाहेरची आहे हें दूतानें आपण होऊन कबूल केलें. होरेबाच्या गुहेंतील प्रश्न यानंतर चाळीस दिवसांनीं आला. आधीं भाकर, पाणी व दोन वेळची झोंप, आणि मग उपदेश, असा हा क्रम आहे.

शरीराची रचनाच तशी आहे. भय वाटलें म्हणजे हृदय जोरानें धडधडतें, रक्तदाब चढतो, स्नायु ताठ होतात, पोटाचें काम मंदावतें. समोर वाघ असेल तर हें उपयोगाचें आहे, पळतां येतें. परंतु सावकाराचें कर्ज किंवा मुलीचें लग्न हा वाघ रोज उशाशीं बसलेला असतो. त्याच्यापासून पळतां येत नाहीं, आणि शरीर मात्र महिनोन् महिने पळण्याच्या तयारींत राहतें. झोंप तुटते, डोकें दुखतें, अन्न गोड लागत नाहीं, घरांत शब्दानें शब्द वाढतो. अशा मनुष्यास कोणी भूतबाधा म्हणतो, कोणी आळशी म्हणतो, आणि आपल्यांतले कांहीं जण तर पापाची शिक्षा म्हणतात. एलीयाचा अध्याय ज्यानें नीट वाचला त्याच्या तोंडीं हा शब्द शोभत नाहीं.

आपल्या भागांत चिंतेचीं कारणें शोधावीं लागत नाहींत. शहापूर तालुक्यांत तानसा, वैतरणा आणि भातसा यांचें पाणी अडवून मुंबईस नेलें जातें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. आवणीला उसनवार, कापणीच्या दिवसांत अवेळीं पाऊस. कातकरी कुटुंबें दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. हंडा घेऊन मध्यरात्रीं विहिरीपाशीं बसलेल्या बाईस मन शांत ठेव एवढेंच सांगून जो उपदेशक घरीं जातो, तो भाकर न देतांच गुहेचा उपदेश करीत असतो. तिच्याबरोबर ग्रामपंचायतींत अर्ज घेऊन जाणें हाहि मनाच्या शुश्रूषेचाच भाग आहे.

असें असूनहि मनाची एक बाजू अशी आहे कीं जिला कोणतीहि ग्रामपंचायत पुरी पडत नाहीं. पोट भरलेल्या माणसाचें मनहि गुहेंत शिरून तीच तक्रार पुन्हां पुन्हां घोळवितें. एलीयानें आपलें गाऱ्हाणें दोनदां सांगितलें (ओंव्या १० व १४), आणि दोन्ही वेळां तेच शब्द. अशा घोळणाऱ्या मनाला थांबविण्याचा अभ्यास करतां येतो काय? येतो, आणि त्याचें एक मोठें ठिकाण आपल्या शेजारींच आहे.

शहापूरच्या बाजूनें कसारा घाट चढला कीं इगतपुरी लागतें. तेथें धम्मगिरी नांवाचें विपश्यनेचें केंद्र १९७६ पासून चालूं आहे. तें स्थापणारे सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) हे ब्रह्मदेशांत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीच्या असह्य दुखण्यामुळें ते रंगून येथील ऊ बा खिन या सरकारी अधिकाऱ्याकडे ही साधना शिकावयास गेले. केवळ डोकेदुखीकरितां येत असाल तर येऊं नका, असें या गुरूनें त्यांस प्रथम सुनावलें होतें. १९६९ सालीं गोयंका भारतांत आले. केंद्रांतील वर्ग दहा दिवसांचा असतो, त्यांत मौन पाळावयाचें असतें, आणि पहिले तीन दिवस नाकपुडीपाशीं येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवण्यापलीकडे दुसरें कांहीं करावयाचें नसतें. याच वळणाचा आठ आठवड्यांचा वर्ग जॉन कबाट-झिन यांनीं १९७९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेंत रोग्यांकरितां सुरू केला. तेथून ही गोष्ट इस्पितळांत शिरली. २०१४ सालीं अशा ध्यानाच्या ४७ प्रयोगांचा, म्हणजे ३,५१५ माणसांचा, एकत्र विचार झाला. चिंता, खिन्नता व वेदना यांत थोड्या ते मध्यम प्रमाणांत उतार पडतो असें दिसलें. पण औषध, व्यायाम वगैरे उपायांहून हें श्रेष्ठ आहे असें कांहीं आढळलें नाहीं. आम्हांस हा निकाल प्रामाणिक वाटतो. जो कोणी ध्यानानें सर्व रोग जातात असें सांगेल, त्याच्यापासून दूर राहावें.

ख्रिस्ती मनुष्यानें हें करावें काय, असा प्रश्न येईल. विपश्यना ही बुद्धाच्या शिकवणीची साधना आहे आणि तिचे शिक्षक तसें उघड सांगतात. तिला आपलें नांव देऊन आपली म्हणणें खोटें होईल, आणि तिची निंदा करणेंहि बरें नव्हे. १९५६ सालीं ज्यांनीं बौद्ध दीक्षा घेतली त्यांत आपल्यापैकीं कित्येकांचे सोयरे आहेत. परंतु श्वास हा कोणत्याहि एका धर्माच्या मालकीचा नाहीं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत मातीच्या मनुष्याच्या नाकपुड्यांत देवानेंच तो फुंकला. त्या देणगीकडे देणाऱ्याची आठवण ठेवून पाहण्यास आम्हांस कोणतीहि हरकत दिसत नाहीं.

करावयाचें तें असें. पहांटे, किंवा रात्रीं जेवण उरकल्यावर, ओटीवर अथवा पडवींत बसावें. मांडी घालतां येत नसेल तर भिंतीस टेकून. श्वास मुद्दाम रोखूं नये. सावकाश सोडावा, तो सोडतांना हृदय जरा मंद चालतें, हें नाडीवर बोट ठेवल्यास कळतें. आंत आला, बाहेर गेला, एवढेंच पाहावें. थोड्याच वेळांत मन कर्जाकडे किंवा बांधाच्या भांडणाकडे पळेल. पळणारच, वासरूं दाव्याला पहिल्या दिवशीं कधीं उभें राहतें काय? त्याला शिव्या न देतां परत आणावें, आणि जेथें तें गेलें होतें तेवढी गोष्ट नांव घेऊन प्रभूच्या हातीं द्यावी. आरंभीं पांच मिनिटें पुरेत. ज्याला बसावयास सवड नाहीं त्यानें आवणी करतांना हातांतील रोप आणि पायांखालचा चिखल यांकडेच मन ठेवावें. डोळे मिटले कीं ज्याला भय दाटून येतें, जुना घाव आठवतो, त्यानें डोळे उघडे ठेवून चालावें. हट्टानें बसूं नये.

आतां जें सर्वांत जरूरीचें तें. रक्तदाबाची, मधुमेहाची, फेफऱ्याची किंवा मनाच्या रोगाची गोळी चालूं असेल, तर ध्यानानें अथवा प्रार्थनेनें बरें वाटूं लागलें म्हणून ती बंद करूं नये. रक्तदाब वाढलेला पुष्कळदां माणसास कळतहि नाहीं. बरें वाटतें तें गोळीमुळेंच असूं शकतें. गोळी कमी करावयाची कीं नाहीं हें डॉक्टरनें ठरवावें, उपदेशकानें नव्हे. गोळी टाकून विश्वास दाखीव असें जो सांगतो, तो एलीयाच्या उशाचें पाण्याचें भांडें लाथाडतो. आणि ज्याची झोंप कित्येक रात्री गेली आहे, ज्याला नसलेले आवाज ऐकूं येतात, किंवा जो एलीयाप्रमाणें मरण मागूं लागला आहे, त्याला एकट्यास ध्यानाला बसवूं नये. त्याच्यापाशीं कोणीतरी राहावें, घरांतील कीटकनाशकाचा डबा दूर न्यावा, आणि त्याला त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत घेऊन जावें. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली मानस ही सेवा २०२२ पासून आहे. फोनला पैसे पडत नाहींत आणि मराठींतहि बोलतां येतें. उपदेशकांनीं हा क्रमांक आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

गुहेकडे परत येऊं. वारा, भूकंप व अग्नि हे सरल्यावर जी शांतता आली, तींत एलीयाला समाधानाचें भाषण मिळालें नाहीं. तूं येथें काय करीत आहेस, अशा अर्थाचा प्रश्न तेथें पुन्हां आला, आणि त्यानें गाऱ्हाणें पुन्हां सांगितल्यावर त्याच्या हातीं तीन कामें आलीं. तो एकटाच उरला नसून इस्राएलांत सात हजार जण तसेच निष्ठावंत आहेत, हेंहि त्यास कळविण्यांत आलें. आणि डोंगर उतरून त्यानें प्रथम गांठला तो शेत नांगरणारा अलीशा. ज्यानें बैरशेब्यास आपला चाकर मागें सोडला होता, त्याला देवानें सोबती दिला.

उपदेशकांनीं या आठवड्याच्या घरप्रार्थनेंत पहिल्या आठ ओंव्या हळू वाचाव्या, पांच मिनिटें सर्वांनीं निःशब्द बसावें, आणि नंतर कोणाची झोंप उडाली आहे हें खाजगींत विचारावें; सभेंत विचारूं नये. पुढील पाठास मार्क ६ : ३०–४४ वाचून यावें. तेथें प्रभु दमलेल्या शिष्यांस विसांव्यासाठीं एकांतीं नेतो, आणि होडी कांठास लागते तों लोकांचा समुदाय आधींच येऊन पोहोंचलेला असतो.