शास्तावर स्कीने जायचंय? आधी उतरायची वेळ ठरवा

उत्तर कॅलिफोर्नियातला माउंट शास्ता ४,३२२ मीटर उंच आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे स्कीने जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती वाजता निघायचं?’ आखणीची सुरुवात इथून करू नका. उतरायचं कधी, हे आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

वसंतात दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असं बरेच दिवस घडलं की बर्फाचे मक्यासारखे टपोरे दाणे होतात. स्कीवाले त्याला कॉर्न म्हणतात. पहाटे हा उतार टणक असतो. त्यावर पाय सुटला तर थांबणं जवळजवळ अशक्य. ऊन लागल्यावर वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात आणि स्की हवी तशी वळते. त्याच आनंदासाठी हा सगळा खटाटोप! पण आणखी थोडं ऊन झालं की बूट घोट्याच्या वर रुततो आणि ओला बर्फ घसरायला लागतो. म्हणजे चांगला काळ मिळतो तास-दीड तासाचा. अव्हलांच गल्च ही नेहमीची रुंद घळ नैर्ऋत्येकडे उघडते. तिथे मे महिन्यातल्या निरभ्र दिवशी ही वेळ साधारण साडेदहाच्या सुमारास येते.

आता मागे मोजा. शिखर सोडायचं साडेदहाला. हेलन लेकचा तळ ३,१७० मीटरवर आहे, तिथून चढ साडेअकराशे मीटरचा. विरळ हवेत ताशी दोनशे मीटर धरा, म्हणजे पहाटे चारला पाय निघाला पाहिजे. पायथ्याच्या बनी फ्लॅट वाहनतळाहून एका दमात जायचं तर मध्यरात्रीच निघावं लागेल. कळसूबाई रात्रीत चढून पहाट पाहायची सवय असलेल्या बे एरियातल्या मंडळींना हा मोह होतोच. पण बनी फ्लॅटचा वाहनतळच कळसूबाईच्या शिखरापेक्षा पावणेपाचशे मीटर उंच आहे. समुद्रसपाटीवरून येऊन त्याच रात्री चढायला लागू नका. एक रात्र हॉर्स कॅम्पला, सिएरा क्लबच्या जुन्या दगडी केबिनजवळ तंबूत काढा, दुसरी हेलन लेकला. तिथलं तळं या दिवसांत बहुधा बर्फाखालीच असतं. पाण्यासाठी बर्फ वितळवायला इंधन जास्तीचं घ्या.

परवाने सोपे आहेत: एक वनक्षेत्राचा आणि दहा हजार फुटांच्या वर जायचं तर समिट पास. शौचाची पिशवीही सोबत घ्यायची आणि भरलेली खाली आणायची, यात सवलत नाही.

सामानात स्कीखाली लावायच्या स्किन्स, स्की-क्रॅम्पॉन, बुटांचे क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स, हेल्मेट, बीकन, फावडं आणि प्रोब. वजन वाचवायला स्की-क्रॅम्पॉन मागे ठेवणारे पुष्कळ दिसतात. गोठलेल्या उतारावर नुसत्या स्किन्स धरत नाहीत, हे त्यांना अंधारात कळतं, आणि तेव्हा वेळ गेलेली असते.

हवामान पाहताना तळाचं नको, शिखराच्या उंचीवरचं वारं पाहा. ताशी पन्नास किलोमीटरच्या वर अंदाज असेल तर मी बेत रद्द करेन. ३० एप्रिल १८७५ रोजी जॉन म्युर आणि जेरोम फे हवेच्या दाबाच्या नोंदी घ्यायला इथे आले आणि वादळात सापडले. शिखराजवळच्या गरम गंधकी वाफांच्या आधाराने त्यांनी रात्र काढली, म्हणून वाचले. वसंत आहे म्हणून हा डोंगर मवाळ होत नाही. ढगात चुकीच्या बाजूला उतरणं इथे सहज घडतं. मार्ग फोनमध्ये साठवून ठेवा आणि फोन अंगाशी, उबेत.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी पहाटे, तंबूच्या बाहेर. पाऊल जोरात मारा. कवच टिकलं तर निघा. बूट आत गेला तर स्की उचलायचीच नाही. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून चांगला गोठतो. रात्रभर ढग राहिले तर हवा थंड असूनही तो नीट गोठत नाही. अशा दिवशी कितीही लांबून आलेले असलात तरी माघार घ्या.

हेलन लेकच्या वर उतार पस्तीस अंशांपर्यंत जातो. स्की सॅकला बांधा, क्रॅम्पॉन चढवा, हार्ट नावाच्या खडकपट्ट्याच्या उजवीकडून चढा. वर रेड बँक्सचा लाल कातळ आहे. ऊन लागलं की तिथले दगड आणि बर्फाचे तुकडे सुटून याच घळीत येतात. म्हणून आठच्या आत कातळ पार व्हायला हवा. नऊपर्यंत खालीच असाल तर तिथूनच वळा. शिखर हुकल्याची हळहळ वाटेल, पण दगड चुकवायला त्या घळीत जागा नाही.

पुढे मिझरी हिल. नावाप्रमाणे ती दमवते, पण कठीण नाही. तिच्या माथ्यानंतर थोडं सपाट पठार आणि मग शिखर. वर लवकर पोहोचलात तर आडोशाला थांबा. बर्फ कडक असताना उतरण्यापेक्षा अर्धा तास थंडी सोसलेली बरी. उतरताना एका वेळी एकानेच उतरायचं, बाकीच्यांनी घळीच्या मध्यापासून दूर, कडेला थांबायचं. बाराच्या आत हेलन लेकच्या खाली या. त्याखाली उतार मंद होत जातो. बर्फ संपला की स्की खांद्यावर घेऊन बनी फ्लॅटपर्यंत चालायचं, आणि घरी ज्यांना परतीची वेळ कळवली होती त्यांना फोन करायचा.