दोन नाताळ

आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर शहरात इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. या छावणीत विसाव्या शतकाच्या आरंभी दूरदेशींचे असे पाहुणे येऊन राहिले, की ज्यांना कोणी निमंत्रण दिले नव्हते आणि ज्यांना परत जाण्याची मुभाही नव्हती. ते कैदी होते.

प्रथम आले बोअर. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या शेतकऱ्यांना हे नाव आहे. १८९९ मध्ये त्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. हाती सापडलेल्या बोअरांना त्यांच्याच मुलखात ठेवणे इंग्रजांस धोक्याचे वाटले. म्हणून त्यांना सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन व हिंदुस्थान येथे धाडण्यात आले. त्यांतील काही जण १९०१ साली नगरास आले आणि त्या वर्षीचा नाताळ त्यांनी येथेच काढला.

पुढे १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. हिंदुस्थानात असलेले जर्मन व ऑस्ट्रियन लोक एका रात्रीत शत्रू ठरले. ते व्यापारी होते, धर्मोपदेशक होते. बहुतेकांनी हाती शस्त्रही धरले नव्हते. त्यांचीही रवानगी नगरच्या छावणीत झाली.

दोघांचा सण एक, तारीखही एकच, २५ डिसेंबर. नगरची हवाही तीच. पहाटे बोचरी थंडी, दुपारी लख्ख ऊन, आकाश निरभ्र आणि शिवारात रब्बीची ज्वारी उभी. पण ही हवा बोअरास एक वाटावी व जर्मनास दुसरीच.

बोअरांच्या ट्रान्सवालमध्ये डिसेंबर हा भर उन्हाळ्याचा महिना. तेथील पाऊसही उन्हाळ्यातच पडतो. त्यामुळे नाताळच्या सुमारास मक्याची शेते हिरवीगार असतात आणि दिवस जवळजवळ पावणेचौदा तासांचा असतो. अशा माणसाला नगरची डिसेंबरची पहाट म्हणजे ऋतूंचा उलटा फेराच! जर्मनीत मात्र त्या दिवसांत हिवाळा असतो, कधी कधी बर्फही असते व बर्लिनला सूर्य जेमतेम पावणेआठ तास दिसतो. लांबलचक काळोख्या रात्रीत घरोघरी सूचिपर्णी वृक्षावर मेणबत्त्या लावायच्या, हा त्यांचा नाताळ. नगरच्या अकरा तासांच्या स्वच्छ दिवसात त्या मेणबत्त्यांना ती शोभा कोठून यावी?

याचे कारण पृथ्वीचा कललेला आस. तो सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे डिसेंबरात दक्षिण गोलार्ध सूर्याकडे झुकतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य मकरवृत्तावर डोक्यावर येतो. (मकरसंक्रांत मात्र आता जानेवारीच्या मध्यास येते, त्याचे कारण निराळे आहे.) नगर विषुववृत्ताच्या उत्तरेस एकोणीस अंशांवर आहे, बर्लिन बावन्न अंशांच्याही पलीकडे, तर ट्रान्सवालमधील प्रिटोरिया दक्षिणेस सव्वीस अंशांच्या जवळ.

१९०२ च्या मे महिन्यात तह झाला व बोअर मायदेशी परतू लागले. जर्मनांना महायुद्ध संपेपर्यंत वाट पाहावी लागली.

नगरजवळच्या अरणगावला लागून मेहेराबाद आहे. तेथे मेहेरबाबांच्या समाधीच्या दर्शनासाठी दर वर्षी ३१ जानेवारीस देशोदेशींचे भाविक जमतात. ऑस्ट्रेलियाहून येणारा उन्हाळा सोडून आलेला असतो, युरोपातून येणारा हिवाळा. पहाटे एक जण शाल घट्ट लपेटून घेतो, तर दुसरा अंगावरचा कोट काढून हातावर टाकतो.