परक्या मैदानावर जाताना

पोरी, लिव्हरपूलला शिकायला गेलीस आणि आता तिथल्या फुटबॉल संघामागे युरोपात जायचं म्हणतेस, हे ऐकून मामाला फार आनंद झाला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी या संघांचे सामने बघत तू वाढलीस, त्यामुळे ईर्ष्या तुला कुणी शिकवायला नको. पण कोल्हापुरात गॅलरीत आपली माणसं भरपूर असतात. युरोपातल्या सामन्यांत पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी मैदानाच्या क्षमतेच्या पाच टक्के जागा राखलेल्या असतात. म्हणजे 60,000 च्या गर्दीत आपले 3,000. तिथे प्रत्येकाचा आवाज खेळाडूंपर्यंत पोचतो आणि प्रत्येकाची वागणूक संघाच्या नावावर लागते. इंग्लंडातल्या माझ्या मुक्कामात लाल मफलर गळ्यात घालून जे शिकलो, ते तुझ्या कानावर घालतो.

आधी व्हिसा, मग विमान. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा इंग्लिश खाडीपलीकडे चालत नाही. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. फी 90 युरो, शिवाय किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. आता यातली खरी मेख ऐक. चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या पहिल्या टप्प्याची सोडत ऑगस्टअखेर निघते आणि पहिले सामने सप्टेंबरच्या मध्यात होतात. त्या सामन्याच्या मागे धावू नकोस, ऑक्टोबरनंतरचा धर. बाद फेरीत तर सोडत आणि सामना यांत मोजकेच आठवडे असतात, तेवढ्यात नवा व्हिसा हातात पडेल याचा भरवसा नाही. म्हणून पहिल्याच अर्जात अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा माग आणि सोबत बाहेरच्या सामन्यांचं वेळापत्रक जोड. इस्तंबूलचा सामना आला तर शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा.

तिकीट फक्त क्लबकडून, फक्त स्वतःच्या नावावर. चॅम्पियन्स लीगच्या 2025-26 च्या हंगामासाठी युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेने पाहुण्यांच्या तिकिटावर 50 युरोंची मर्यादा घातली, त्यामुळे तिकीट तसं महाग नाही, मिळणं अवघड आहे. आधी किती सामन्यांना गेलात हे पाहून क्लब तिकिटं देतो. माद्रिद-मिलानसारख्या नावाजलेल्या शहरांसाठी जुन्या माणसांची रांग मोठी असते. तू लांबच्या, कडाक्याच्या थंडीतल्या सामन्यांपासून सुरुवात कर. तिथे नव्या माणसाला जागा मिळण्याची शक्यता जास्त, आणि तीच हजेरी पुढे कामाला येते. काळ्या बाजाराकडे वळू नकोस. इटलीत तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारात ते ओळखपत्राशी ताडून पाहतात. यजमानांच्या भागातलं तिकीट सहज मिळतंय म्हणून तर मुळीच घेऊ नकोस. आपला गोल झाल्यावर तुला गप्प बसता येणार नाही, आणि त्या भागात तेच धोक्याचं ठरतं.

परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशीचा ठेव. बहुतेक सामने तिथल्या घड्याळाने रात्री नऊला सुरू होतात. अकराच्या सुमारास संपले तरी पाहुण्यांना लगेच सोडत नाहीत. यजमानांची गर्दी पांगेपर्यंत अर्धा तास, कधी तास-दीड तास आतच थांबवतात. तोवर शेवटची मेट्रो गेलेली असू शकते. रात्रीची बस कुठून सुटते ते दिवसाउजेडी बघून ठेव. मुक्काम स्टेशनजवळ किंवा शहराच्या मध्यावर घे. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

क्लबची सूचना शब्दन् शब्द वाच. प्रत्येक शहराची रीत निराळी. नेपल्सला पाहुण्यांना बंदराजवळ गोळा करून पोलिसांच्या बंदोबस्तात बसने मैदानावर नेण्याची पद्धत आहे. 2022 च्या सप्टेंबरात आपण तिथे 4-1 ने हरलो, त्या वेळी तर शहरात फिरण्याबाबतही क्लबने समर्थकांना सावध केलं होतं. मिलानला उलट जांभळ्या मेट्रोने थेट सान सिरोच्या दारात उतरता येतं. काही अडलं तर सपोर्टर लायझन ऑफिसरला गाठ. समर्थक आणि क्लब यांच्यातला हा दुवा युएफाच्या नियमानुसार प्रत्येक क्लबला नेमावा लागतो.

पिशवी लहान, खिसे हलके. कागदाच्या ए-फोर आकारापेक्षा मोठी पिशवी बहुतेक ठिकाणी आत जात नाही. छत्री, पॉवर बँक, बाटलीचं झाकण, कुठे कुठे खिशातली चिल्लरसुद्धा दारात काढून घेतात. खायला शेंगदाण्याचे लाडू ने, पेढे नको. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पासपोर्टची प्रत फोनमध्ये आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून खिशात असू दे, कारण मैदानात पोचेपर्यंत फोन हमखास मान टाकतो. मफलर कोटाच्या आत ठेव आणि आपल्या भागात पोचल्यावर बाहेर काढ. मैत्रिणीबरोबर जा, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गर्दी. आपल्या क्लबच्या इतिहासात गर्दीने फार माणसं नेली आहेत. 29 मे 1985 ला ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानात लिव्हरपूलच्या समर्थकांनी युव्हेंटसच्या बाजूने केलेल्या चढाईत 39 जण गेले, बहुतेक इटालियन. त्यानंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात पाच वर्षं बंदी आली, लिव्हरपूलवर त्याहून एक वर्ष जास्त. 1989 साली हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीत आपलेच 97 गेले. म्हणून मृतांवरून कुणी काही ओरडलं, आपल्यातलं असो की त्यांच्यातलं, त्यात तुझा आवाज नसावा. 28 मे 2022 ला पॅरिसमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला खरी तिकिटं हातात असलेली आपली माणसं बंद दारांपुढे अडकली, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला आणि वर दोषही त्यांनाच दिला गेला. पुढे युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने मुख्य जबाबदारी युएफाची असल्याचं सांगितलं, आणि समर्थकांनी एकमेकांना सांभाळल्यामुळेच आणखी मोठा अनर्थ टळला असावा असं नोंदवलं. हिल्सबरो माहीत असलेली माणसं होती ती. दाटलेल्या रांगेत कसं वागायचं हे त्यांना ठाऊक होतं.

तूही शिकून घे. दारं उघडताच आत जा. पुढे दाटी दिसली तर ढकलू नकोस, मागच्यांना मोठ्याने थांबायला सांग. छातीपुढे दोन्ही हात दुमडून श्वासाला जागा ठेव. खाली पडलेल्या वस्तूसाठी वाकू नकोस, मग तो फोन का असेना. लोंढ्याविरुद्ध जोर लावू नकोस. तो जरा थबकला की तिरकं सरकत कडेला ये. शेजारी लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याला मध्ये घे.

शेवटच्या शिटीपर्यंत थांब. तीन गोलांनी मागे असलो तरी गाणं सोडू नकोस. 2005 ला इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला आपण मिलानविरुद्ध 0-3 ने मागे होतो आणि तरी चषक आपण घेऊन आलो. दरवेळी तसं होत नाही. हरल्यावरही खेळाडू आपल्या कोपऱ्याकडे येतात, तेव्हा टाळ्या वाजव. त्यांनाही रात्रभर प्रवास करून परतायचंच असतं.

आणि सामना संपल्यावर दारं उघडेपर्यंतचा तो तासभर फोनमध्ये घालवू नकोस. शेजारच्या म्हाताऱ्याला विचार, पहिल्यांदा कुठे गेला होता. शेजारणीला विचार, पुढच्या सामन्याला कशी जाणार. रस्ते, बस, स्वस्त मुक्काम यांची पक्की माहिती त्यांच्याकडे असते, आणि एकदा ओळख झाली की पुढच्या शहरात तू एकटी नसतेस. पुढे कधी कुणी नवखी पोर बावरून शेजारी उभी राहिली, तर हे सगळं तिला तू सांग.