दहा दिवसांचे पीक

तंजावर म्हटले की कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भाताची खाचरे डोळ्यांसमोर येतात. कुरुवै, सांबा आणि ताळडी हे तेथील भाताचे तीन हंगाम होत. त्यांचे भवितव्य १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाशी बांधलेले आहे. धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याचा प्रघात आहे. परंतु साठा अपुरा असलेल्या वर्षी तो पाळता येत नाही आणि कुरुवैचा हंगाम हातचा जातो. ज्याच्यापाशी जमीन थोडी, त्याला याची झळ अधिक लागते. अशा शेतकऱ्याला घराच्या पडवीत, चार घागरी पाण्यावर दुसरे एखादे पीक काढता येईल काय? ‘मायक्रोग्रीन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोवळ्या पालेभाजीचा विचार या दृष्टीने करावयास हवा.

बी रुजून त्याची पहिली दोन दले उघडली आणि खरे पान डोकावू लागले की रोप देठासह कापून घेतात, तीच ही भाजी. मोड आलेल्या कडधान्यात आपण बी व मूळ दोन्ही खातो. येथे मूळ तबकातच राहते. मोहरी व मुळा साधारण सात ते दहा दिवसांत कापणीस येतात. माठ आणि कोथिंबीर यांना अधिक काळ लागतो. कोवळ्या माठाला तमिळमध्ये ‘मुळैक्कीरै’ म्हणतात. म्हणजे कोवळेपणाची गोडी तंजावरच्या बाजाराला नवी नाही.

किंबहुना कृतीही नवी नाही. नवरात्रात घटाखालच्या मातीत धान्य पेरून दसऱ्याला त्याचे तुरे टोपीत खोवण्याची चाल महाराष्ट्रात आहे. तमिळनाडूत मारियम्मनच्या उत्सवात स्त्रिया ‘मुळैप्पारि’ म्हणजे रुजविलेल्या धान्याची भांडी डोक्यावर घेऊन मिरवतात व अखेर पाण्यात विसर्जित करतात. ही रोपे अंधारात वाढत असल्यामुळे पिवळसर व लांबोडकी होतात. भाजीच्या रोपांना मात्र आरंभीचे दोन-तीन दिवसच झाकून ठेवतात. नंतर उजेड दिला की हरितद्रव्य तयार होऊन पाने हिरवी होतात.

लागवडीसाठी उथळ तबक आणि धुऊन क्षार काढलेला नारळाच्या काथ्याचा भुसा पुरतो. बी दाट पसरावे व पाणी शक्यतो खालून द्यावे. तंजावरच्या उन्हात सावली हवीच. पण ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत खरा शत्रू दमटपणा हा होय. हवा खेळती नसेल तर बुरशीने देठ तळाशी कुजून सबंध तबक एका रात्रीत कोलमडते.

बियांची निवड डोळसपणे केली पाहिजे. पेरणीसाठी विकत मिळणाऱ्या बियांना पुष्कळदा विषारी औषध चोळलेले असते. ते येथे सर्वथा वर्ज्य होय. टोमॅटो व वांगी यांची रोपे खाऊ नयेत. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन गुरे दगावतात, हे तर आपल्या शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या जंतूंनी पन्नासहून अधिक माणसांचा बळी घेतला. मुळे न खाल्ल्याने धोका कमी होतो. नाहीसा होत नाही. यास्तव बी, पाणी, हात व कात्री स्वच्छ असावीत.

२०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचवीस प्रकारच्या अशा रोपांची तपासणी झाली. वजनाच्या मानाने बहुतेकांत काही जीवनसत्त्वे पक्व पानांपेक्षा अधिक आढळली. तथापि ही भाजी चिमूटभर खाल्ली जाते. तिने वाडगाभर शिजविलेल्या कीरैची जागा घ्यावी अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे.

आता मुख्य प्रश्न विक्रीचा. धान्य कणगीत थांबते. कापलेली रोपे थंडाव्यावाचून दिवसभरातच मलूल होतात. समजा, पीक नऊ दिवसांचे आहे आणि दर तिसऱ्या दिवशी सहा तबके खपतात. मग दर तिसऱ्या दिवशी सहा तबके पेरावी लागतील व एकूण अठरा तबके सतत भरलेली राहतील. खप निम्म्यावर आला, तर प्रत्येक वेळी तीन तबके गुरांपुढे जातील. त्यांतील बियांचा खर्च मात्र परत येणार नाही. आणि या धंद्यात बी दाट पेरावे लागत असल्याने तोच खर्च मोठा असतो.

म्हणून लहान शेतकऱ्याचे बळ त्याच्या जवळिकीत आहे. दूरच्या शहरातून आलेला माल शिळा असतो; त्याचा माल सकाळी कापून तासाभरात उपाहारगृहात किंवा नेहमीच्या घरी पोहोचतो. काहींना तबकच द्यावे. कापणी गिऱ्हाइकाने गरजेप्रमाणे करावी. भाताच्या शेतकऱ्याला आधी पेरून मग बाजार पाहण्याची सवय असते. या पिकात क्रम उलटा आहे: आधी गिऱ्हाईक ठरवावे, मगच बी भिजत घालावे.